उलट्या पिसांचा घरजावई

सासूबाईंचे गुडघे गेले आणि त्यांनी बाजारात बसणं सोडलं. सगळा जन्म मालवणच्या मासळीबाजारात काढलेली बाई आता घरी बसेल, चार घास सुखाने खाईल, असं आम्हाला वाटलं. त्या घरी बसल्या खऱ्या, पण तोंड बाजारातच राहिलं होतं. सकाळी चहा झाला की पडवीत खुर्ची टाकायच्या आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला अडवायच्या.

"काय रे, हातात काय ता? खंयसून घेतलंस? फसवल्यान तुका!"

थोड्याच दिवसांत लोकांनी आमच्या दारावरून जाणं सोडलं. घरामागच्या माडांमधून एक नवी पायवाट पडली, ती आमच्या सासूबाईंमुळे.

मी शाळेत शिक्षिका, माहेरची घाटावरची. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला बांगडा आणि तारली यांतला फरक कळत नव्हता. तेव्हापासून सासूबाई मला नावाने हाक मारत नाहीत, 'मास्तरीण' म्हणतात. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मी अजून शोधते आहे.

एका संध्याकाळी मी शाळेतून आले, तर त्या माझी वाटच बघत होत्या.

"मास्तरणी, माका कोंबी होयी."

"आणते की रविवारी. गावठी आणू?"

"खावक न्हय गो! पाळूक. उलट्या पिसांची."

मी अशी कोंबडी तोवर पाहिली नव्हती. तिची पिसं अंगाला लागून बसत नाहीत, प्रत्येक पीस मुळापासून उलटं, डोक्याकडे वळलेलं असतं. दुरून बघितलं तर वादळातून चालत आल्यासारखी दिसते. सासूबाईंच्या माहेरी, देवगडकडे, त्या लहान असताना अशी एक होती. असल्या पिसांना पाऊस सोसत नाही, म्हणून ती पावसाळाभर घरातच असायची.

"ती माझ्याच मांडयेर बसायची," सासूबाई म्हणाल्या. "भावाक मात्र टोचायची. म्हणान माका ती लय आवडायची."

माझा नवरा जाळं विणत बसला होता. तो म्हणाला, "आये, साधी कोंबी आणूया. पिसां आपण उलटी करूया."

त्यावर त्याला जे ऐकावं लागलं ते मी इथे लिहीत नाही.

मला वाटलं, कोंबडीच ती, बाजारात दोन ठिकाणी विचारलं की मिळेल. मी घाटावरची असल्यामुळे मला एक गोष्ट माहीत नव्हती. ही कोंबडी आता फार कमी राहिली आहे, आणि जी आहे ती लोक आवडीने पाळत नाहीत. कोणाला बाधा झाली, कोणाचं काही उतरवायचं असलं, की तिची आठवण होते. त्यामुळे एखादी बाई उलट्या पिसांची कोंबडी शोधत फिरते आहे म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या मनात एकच विचार येतो.

कोंबडीच्या दुकानदाराला मी विचारलं, तेव्हा त्याने हातातली सुरी खाली ठेवली, आजूबाजूला बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुमी शिकलेले. कोणावर करतास?"

शाळेत शिक्षकांच्या खोलीत मी सहज विषय काढला. चित्रकलेच्या सरांनी खुर्ची माझ्यापासून दोन हात लांब सरकवली. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीजवळ एका शिक्षिकेने मला गाठलं आणि म्हणाली, "ताई, तुमचं ते चाललंच आहे, तर हेडमास्तरांच्या बदलीचंही तेवढं बघाल का?" मी हसले. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. पुढे त्याच आठवड्यात हेडमास्तरांची कंबर धरली. तेव्हापासून माझी रजा कधी नामंजूर झाली नाही, हे मात्र खरं.

शेवटी कोणीतरी सांगितलं, कसालच्या बाजारात एक माणूस कोंबड्या घेऊन बसतो, त्याच्याकडे बघा. सासूबाईंना घेऊन गेले. त्या माणसाकडे टोपलीखाली एक लालसर कोंबडी होती आणि तिची पिसं खरंच सगळीकडे विस्कटलेली होती.

"अस्सल," तो म्हणाला. "तिची आवसपण अशीच होती."

सासूबाईंनी आयुष्यभर लोकांना मासळी विकली होती. कुठला मासा शिळा, हे त्यांना पाच पावलांवरून कळे. पण त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांपुढे देवगडची कोंबडी होती. घासाघीसही त्यांनी पुरती केली नाही. कोंबडी पिशवीत घातली आणि एसटीत सगळा रस्ता तिच्याशी बोलत आल्या.

पंधरा-वीस दिवस कोंबडीने उत्तम खाल्लं. मग तिची पिसं हळूहळू खाली बसायला लागली. नवी आली ती गुळगुळीत, सरळ आली. झालं होतं असं, की आधीच्या घरी बाकीच्या कोंबड्यांनी टोचून टोचून तिची ती दशा केली होती. आमच्याकडे पोटभर खायला मिळालं, टोचणारं कोणी नव्हतं, आणि ती चारचौघींसारखी झाली.

सासूबाई तिच्याकडे बघत म्हणाल्या, "सुधारली मेली."

नवरा म्हणाला, "आये, तुझ्या हाताखाली आयल्यार उलटां कोण ऱ्हवतला?"

तिला परत करायचा विषयही निघाला नाही. ती अंडी देत होती, आणि सासूबाईंना दिवसभर बोलायला कोणीतरी हवं होतंच. पण त्यांचा शोध काही थांबला नाही. त्यांची एक जुनी मैत्रीण सुकी मासळी घेऊन वेंगुर्ल्याकडे जायची. तिने बातमी आणली.

"वेंगुर्ल्याच्या थंयसर एक तारवटी आसा. तेच्याकडे ही जात आसा. पण तो कोणाक दिना नाय. लय कायदे तेचे."

जहाजावर नोकरी केलेल्या माणसाला इकडे तारवटी म्हणतात. हे गृहस्थ ख्रिस्ती होते, जहाजावर स्वयंपाकी होते आणि निवृत्त होऊन वडिलांच्या काजूच्या बागेत राहायला आले होते. बायको गेलेली, मुलगी गोव्यात. पुढच्या रविवारी आम्ही दोघी त्यांच्या फाटकाशी उभ्या राहिलो.

उंच, ताठ माणूस. इस्त्रीचा शर्ट, हाफ पँट, डोक्याला वेताची टोपी. फाटकाची कडी त्यांनी आतून धरूनच ठेवली होती.

"कोणी धाडल्यान तुमका?"

सासूबाईंनी मैत्रिणीचं नाव सांगितलं.

"कोंबी कशाक होयी?"

"पाळूक."

"सगळे असांच सांगतत," ते म्हणाले. "गेल्या पावसाआधी एक इलो. डोळ्यांत पाणी हाडून सांगल्यान, बायलेक आवडता म्हणान. दिलंय. चार दिवसांनी तिठ्यार माका तिची पिसां गावली."

हे बोलून त्यांनी फाटकाची कडी आणखी घट्ट धरली. सासूबाईंनी मान खाली घातली, आणि हे मी लग्नानंतर पहिल्यांदा बघत होते.

मग त्यांनी फाटक उघडलं. मागच्या अंगणात काजूच्या झाडांखाली कौलारू खुराडी होती, जमिनीपासून हातभर उंच. त्यांनी एका जुन्या पातेल्यावर डाव वाजवला आणि सगळीकडून कोंबड्या धावत आल्या. काळ्या, करड्या, भुऱ्या. काहींची पिसं साधी, आणि काहींची अशी उलटी की वारा त्यांच्या अंगात शिरून त्यांना मागे ओढत होता, तरी त्या पुढे पळत होत्या. मला हसू फुटलं. सासूबाईंकडे बघितलं, तर त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

मग प्रश्न सुरू झाले. तारवटी पडवीत खुर्चीवर, आम्ही बाकावर.

"घरात कुत्रो आसा?"

"नाय."

"शेजाऱ्याकडे?"

"आसा, पण माका भियता."

"मुंगूस?"

"येता. तोय भियता."

"पावसात खंय ठेवतलास?"

"घरात."

"नात्यात कोण घाडी आसा? देवस्की करणारो?"

"माझो चुलतदीर थोडा करता, पण तेचां काय लागाक नाय कधी कोणाक."

हे उत्तर त्यांना आवडलं असावं, कारण मिशीखाली काहीतरी हललं. मग सासूबाईंनी बोट दाखवलं. "ती करडी कोंबी बघ. डाव्या पायात काय तरी गेलां हा तिच्या."

ते उठले, कोंबडी पकडली, पाय उलटा केला. तळव्यात काटा होता. तो त्यांनी चिमट्याने काढला आणि कोंबडी खाली सोडली. सासूबाईंना वाटलं, आता सौदा आपल्या हातात आला. त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि ख्रिस्ती माणसाला इकडे मारतात तशी 'पात्रांव' अशी हाक मारली.

"बोल पात्रांव, काय घेतलंस एका कोंबयेचे?"

"पैशाचां मागसून," ते म्हणाले. "आधी घर बघतलंय."

"कोणाचां?"

"तुमचां. कोंबी जातली थंय. घर बघल्याशिवाय मी दिवचंय नाय."

परतीच्या एसटीत सासूबाई धुमसत होत्या. "कोंबी मागूक गेलंय, चेडू न्हय. माझ्या झिलाच्या लग्नाक तुझ्या बापाशीन इतक्या इचारूक नाय!"

ते खरंच होतं. माझ्या वडिलांनी एवढंच विचारलं होतं, घरात नळ आहे ना? सासरे हो म्हणाले होते. नळ होता. त्याला पाणी माझ्या लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी आलं.

पाहुणा यायचा दिवस ठरला. सासूबाईंनी घर झाडून घेतलं, पडवी सारवून घेतली, शेजारच्या कुत्र्याला दिवसभर बांधून ठेवायचं वचन घेतलं. नवऱ्याने जुन्या होडीच्या फळ्यांचं खुराडं केलं होतं आणि पुढे जाळ्याचा तुकडा ताणून बसवला होता. त्यात ती कसालची सुधारलेली कोंबडी राणीसारखी बसली होती. सासूबाई सकाळपासून नवं पातळ नेसून तयार. सगळं नीट होतं. आणि मग, पाहुणा फाटकाशी आला असताना, त्यांनी नाकाने हवा ओढली.

"मास्तरणी, चुलीर काय आसा गो?"

मी म्हटलं, "मला काय विचारता? सकाळी ह्यांनीच आणलं आणि ह्यांनीच चढवलं. म्हणाले, आज स्वयंपाक माझा."

नवरा मोठ्या अभिमानाने आतून बाहेर आला, हाताला पीठ. "पावणो पहिल्यांदा येता. कोंबडी-वडे केलंय."

सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की तसं काही मी समुद्रात वादळ आल्यावरसुद्धा बघितलं नाही. "मेल्या, कोंबयेच्या मामाक कोंबी वाढतलंस?" पातेलं उचलून मागच्या दाराने शेजारी न्यायला त्यांनी मला पिटाळलं. मी पातेलं घेऊन माडांमधून पळत होते आणि मागे रस्सा सांडत होता. पण वास कसा नेणार? वास घरातच राहिला.

मी परत आले, तर तारवटी पडवीत बसून डोळे मिटून नाक वर करून होते.

"खोबरां वायच जास्त भाजलां," ते म्हणाले. "धने बरे आसत. त्रिफळां घातलास काय? कोंबयेत कशाक त्रिफळां? ती बांगड्याक."

नवऱ्याचा चेहरा पडला. सासूबाई म्हणाल्या, "पात्रांव, ती आमच्या घरची नव्हती. ब्रॉयलर. दुकानातली."

"मग लपवलास कशाक?"

"तुमी खायत नाय म्हणान."

"कोणी सांगल्यान? जलमभर तांच केलंय. ओळखीच्यांका खायत नाय, इतक्याच. हाडा तां पातेलां."

मी पुन्हा पळाले. शेजारीण तोवर दोन वाट्या काढून बसली होती. उरलं ते आणलं. तारवटींनी वडे मोडून मोडून खाल्ले, नवऱ्याला खोबऱ्याचं वाटप कसं करायचं ते समजावून सांगितलं, आणि दोघांची मैत्री झाली. सासूबाई खुशीत आल्या. त्यांना वाटलं, झालं काम.

जेवण झाल्यावर ते उठले आणि खुराड्याकडे गेले. जाळ्यात बोटं घालून ओढून बघितलं. वाकून जमीन बघितली. आत हात घालून बसायची काठी हलवली.

"नाय," ते म्हणाले. "मुंगूस ह्या जाळ्याक एका रातीत फाडतलो. जमीन सखल, पाणी येतलां. आणि ही काठी कितकी उंच? तेंका उडाक येणा नाय."

मग त्यांनी कसालच्या कोंबडीला उचललं, पंख उघडून बघितले, डोळे बघितले. "ही बरी आसा. हिका चांगली ठेवलास," एवढं बोलून टोपी घातली आणि एसटीला गेले.

त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. इतकी वर्षं बाजारात बसल्या, पण तुमचा माल नको असं त्यांना कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं. मला खरंच वाईट वाटलं. मी म्हटलं, "आई, सोडून द्या. आपण दुसरीकडे बघू."

"दुसरीकडे कशाक?" त्या एकदम उसळल्या. "जो इतकां बघता, तेचीच कोंबी बरी असतली. शिळी मासळी इकणारो कधी गिऱ्हाइकाचां घर बघूक जाता काय?"

दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याची सुटका नव्हती. चिऱ्याचा चौथरा झाला. वर कौलं आली. जाळ्याच्या जागी तारेची जाळी आली, काठी खाली आली. मी तारवटींना फोन केला. ते म्हणाले, "चवथ जाऊं दे. पाऊस कमी झालो की येवा."

गणपती गेले, पाऊस ओसरला, आणि आम्ही दोघी टोपली घेऊन गेलो. त्यांनी आतून एक तरणा कोंबडा आणला. तांबडा, छातीवर काळी झाक, आणि पिसं अशी वळलेली की फुलबाग अंगावर घेऊन उभा असल्यासारखा. सुंदर होता. पण कोंबडा होता.

"माका कोंबी होयी होती," सासूबाई म्हणाल्या.

"कोंबी नाय देणार. ह्यो घेवा. हेची नवरी तुमच्या घरात आसा."

"ती? ती सरळ आसा!"

"म्हणानच. उलट्याक सुलटीच होयी. दोघांय उलटी घातलास तर पोरां नागडी होतत, पिसां टिकणत नाय, थंडीन मरतत. माझ्याकडेन कोण जोडी मागता तेका मी फाटकाबाहेर घालतंय."

"म्हणजे तू माका अर्धीच जात दितस?"

"अर्धी मी दितंय, अर्धी तुमी करा. तुमका होयी ती कोंबी तुमच्याच घरात जल्माक येवंदे."

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, कोंबड्याकडे बघितलं, आणि टोपलीचं झाकण उघडलं. "चल रे बाबा," त्या कोंबड्याला म्हणाल्या. "घरजावय म्हणान चल."

घरजावयाने घरजावयासारखंच वागायला सुरुवात केली. येताच पडवीतल्या खुर्चीचा ताबा घेतला. नवऱ्याला बघितलं की अंगावर जायचा. मला तो ओळखतच नसे. कसालच्या कोंबडीने पहिले काही दिवस त्याला टोचून सळो की पळो करून सोडलं. मग कधीतरी त्यांचं जमलं. ती अंड्यांवर बसली. पिल्लं बाहेर आली, आणि सासूबाई पाट घेऊन त्यांच्यासमोर बसल्या.

आता गंमत अशी, की पिल्लू जन्मतं तेव्हा सगळं सारखंच दिसतं, पिवळट कापसाचा गोळा. उलटं कोण आणि सुलटं कोण, हे पंखाची पहिली पिसं फुटल्याशिवाय कळत नाही. सासूबाईंनी तेवढे दिवस काढले कसे ते त्यांनाच ठाऊक. मी शाळेतून आले की रोज एकच वाक्य: "मास्तरणी, तुझे डोळे बरे आसत, ह्या बघ. वळता काय?" मी चष्मा लावून पिल्लू तळहातावर घ्यायची. कधी वळलेलं वाटे, कधी नुसतं भिजलेलं असे.

आणि एका दुपारी खरंच वळलं. एका काळसर पिल्लाच्या पंखाचं टोक बाहेरच्या बाजूला, जसं पान सुकताना वळतं तसं. मग दुसऱ्याचं. त्यातलं एक पुढे कोंबडा निघालं. काळं मात्र कोंबडी निघालं. थोडी मोठी झाल्यावर ती सासूबाईंच्या मांडीवर बसायला लागली. नवरा जवळ आला की टोचायची, ह्याचा सासूबाईंना फार आनंद होता.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. ज्या लोकांनी मागच्या पायवाटेने जायची सवय लावून घेतली होती, ते आता पुन्हा पुढच्या दाराने यायला लागले. कोणाला कोंबडा हवा होता, कोणाला अंडी. गावातले एक वयस्कर गृहस्थ आले, गावाच्या राखणदार देवाला राखणीचा कोंबडा कापायचा होता म्हणाले, उलट्या पिसांचा असला तर उत्तम. सासूबाईंनी त्यांना पाणी दिलं, बसवलं आणि म्हणाल्या, "राखणदार तुमचो की माझो?"

"गावाचो."

"मग गावात मीय इलंय. तेका सांगा, म्हातारीन नारळ धाडल्यान. कोंबो तेची राखण करीत नाय, हयसर माझी करता." आणि एक चांगला सोललेला नारळ त्यांच्या हातात ठेवला. गृहस्थ भले होते, हसत हसत नारळ घेऊन गेले.

ज्याला खरंच पाळायचं होतं, त्याची मात्र खैर नव्हती. कुत्रा, मुंगूस, सखल जमीन, नात्यातले घाडी, सगळे प्रश्न तेच, वर आणखी सासूबाईंचे स्वतःचे: बायको कशी बोलते, सासू जिवंत आहे का, रात्री दिवा किती वाजता बंद होतो. एका मुंबईहून आलेल्या जोडप्याला तर त्यांनी सरळ सांगितलं, "तुमी दोघां एकमेकांशी बोलणास नाय. कोंबयेशी काय बोलतलास?" ते दोघं कोंबडीशिवाय गेले, पण फाटकाबाहेर बराच वेळ उभे राहून बोलत होते, हे मी बघितलं.

तारवटी अधूनमधून यायचे. येताना काजू आणायचे, जाताना सुका बांगडा न्यायचे, आणि मध्ये दोघं भांडायची. मग एक दिवस त्यांचा फोन आला. मुलगी त्यांना गोव्याला नेत होती. त्यांना डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं, एकटं राहणं जमत नव्हतं. तिचं घर म्हापशाला, तिसऱ्या मजल्यावर. कोंबड्या नेता येणार नव्हत्या.

"काही लोकांका दिलंय," ते मला म्हणाले. "घरां बघून. उरलेल्यो त्या मासळीवालीक इचार, ठेवतली काय?"

मी फोन सासूबाईंच्या हातात दिला. मला वाटलं त्या टोमणा मारतील, आधी तुझ्या कोंबड्या बघते म्हणतील. त्या एवढंच म्हणाल्या, "घेवन ये. सगळ्यो."

टेम्पोतून ते स्वतः आले. एक एक कोंबडी हाताने उतरवून दिली, प्रत्येकीची खोड सांगितली: ही उजेडाला घाबरते, ही अंडी लपवते, ही दुसऱ्यांच्या पिल्लांना सांभाळते. त्यात उलट्या पिसांच्या कोंबड्याही होत्या, ज्या त्यांनी आजवर कोणाला दिल्या नव्हत्या. सगळ्या उतरल्यावर त्यांनी आमच्या खुराड्याच्या जाळीला बोटं घालून पुन्हा एकदा ओढून बघितलं. जाळी हलली नाही.

"देव बरें करूं," ते सासूबाईंना म्हणाले.

"जेवन जा," सासूबाई म्हणाल्या. "आज बांगडे आसत. त्रिफळां घालून."

ते जेवले. मुलीने न्यायला गाडी आणली होती, तीत बसले. सासूबाई पडवीतून हलल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या.

तोवर नवऱ्याने बटनांचा मोबाईल घेतला होता. दर रविवारी म्हापशाहून फोन यायचा. तारवटी आधी कोंबड्यांची खबर घ्यायचे, मग म्हणायचे, "तेचो आवाज आयकव." सासूबाई फोन घेऊन अंगणात जायच्या, कोंबड्यापुढे धरायच्या. इतर वेळी बारा तास ओरडणारा घरजावई तेव्हा मात्र तोंड मिटून उभा राहायचा. "आवाज कर रे मेल्या! गोव्यासून फोन इलो हा!" काही उपयोग व्हायचा नाही.

एका रविवारी मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून कोंबड्याची बांग ऐकू आली, जरा चिरकी, शेवटी खोकला आल्यासारखी. खिडकीतून बघितलं. सासूबाई खुराड्याकडे पाठ करून, इकडेतिकडे कोणी नाही ना बघत, फोन तोंडापाशी धरून मान उंच करून बांग देत होत्या. कोंबडा बाजूला उभा राहून त्यांच्याकडे बघत होता.

पलीकडून काहीतरी बोलणं झालं. सासूबाई आत आल्या, फोन माझ्या हातात दिला, आणि तोंड फिरवून पाणी प्यायला लागल्या.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणता, कोंबो म्हातारो झालो. तेका हळदीचां दूध दी." आणि खरंच, त्यांनी थोडं दूध गरम करायला ठेवलं, हळद घातली, आणि स्वतःच प्यायल्या.